म्हापशातली रेंट-अ-बाईक: गाडी ठीकठाक, दुकानदार एक नंबर

पाचपैकी चार स्टार देतोय, पण ते गाडीसाठी नाहीयेत हे आधीच सांगून टाकतो. नुसत्या गाडीला द्यायचे असते तर तीनच्या वर गेलो नसतो. ॲक्टिव्हा जुनी, पुढचा ब्रेक ढिला आणि डावा आरसा दर खड्ड्याला मान खाली घालणारा. स्टार दिलेत ते किल्ली हातात देण्याआधी त्या माणसाने आमची जी शिकवणी घेतली तिच्यासाठी. कारण गोव्यात स्कूटर चालवायला काही विशेष लागत नाही, पण कुठली स्कूटर घ्यायची, कुठल्या पुलावर न्यायची, कुठे न्यायचीच नाही, याचे इतके बारीकसारीक नियम आहेत की बाहेरून आलेल्या माणसाला ते कुणी सांगितल्याशिवाय कळणं कठीण आहे, आणि सांगत सहसा कुणी नाही.

दुकानाचं नाव विचाराल तर मलाही माहीत नाही. बोर्डावर नुसतं 'रेंट अ बाईक' आणि खाली एक मोबाईल नंबर, त्यातलाही एक आकडा पुसलेला. म्हापशाच्या बसस्टँडपासून चालत पाच-सात मिनिटं, एका बेकरीच्या शेजारी. दारात गाड्या लावलेल्या, आत एक टेबल, एक पंखा आणि दुकानदार. साधारण पन्नाशीचा माणूस, मराठी छान बोलतो, मध्येच कोकणी येते. आम्ही थिवी स्टेशनला उतरून म्हापशाला आलो होतो, मी, बायको, मेहुणा आणि त्याची बायको, दोन गाड्या हव्या होत्या.

खरंतर आम्हाला याच्याआधी एक ऑफर होती. ज्या गेस्टहाऊसमध्ये उतरणार होतो तिथल्या माणसाने फोनवरच सांगितलेलं की सर गाडीचं टेन्शन घेऊ नका, माझ्याकडे दोन ॲक्टिव्हा आहेत, बाहेर चारशे घेतात मी अडीचशेत देतो. व्हॉट्सॲपवर फोटो पण पाठवला. फोटोत नंबरप्लेट पांढरी. आता आपल्याकडे पांढरी पाटी म्हणजे साधी नेहमीची गाडी, त्यात वावगं काय असं कुणालाही वाटेल. तर हा फोटो मी सहज म्हापशाच्या दुकानदाराला दाखवला, म्हटलं बघा तिकडे अडीचशेत मिळतेय, तुम्ही काय कमी करताय. त्याने भाव कमी केला नाही. फोटो मोठा करून प्लेटवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ही घेयात, पण पोलिसाने धरलं तर मला फोन करू नकात."

मग त्याने समजावलं ते असं. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खाजगी गाडी, ती भाड्याने देताच येत नाही. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे टॅक्सी वगैरे, ड्रायव्हरसकट. आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने द्यायची गाडी, हिलाच परमिट असतं. दुचाकी भाड्याने देण्यासाठी १९९७ सालची केंद्र सरकारची स्कीम आहे, तिच्याखाली लायसन्स घ्यावं लागतं. खाजगी गाडी भाड्याने फिरवली तर परमिट नसताना वापरल्याचं कलम लागतं, मोटार वाहन कायद्यातलं १९२-अ, दंड १०,००० रुपये, आणि ते कलम देणाऱ्यावरच नाही तर चालवणाऱ्यावर पण लागू शकतं. म्हणजे दिवसाला दीडशे रुपये वाचवायला जाऊन दहा हजारांची फोडणी.

आणि दंडापेक्षा मला जास्त टोचली ती इन्शुरन्सची गोष्ट. खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने देणं बसतच नाही. कुणाला ठोकलं, कुणाचा पाय मोडला, तर कंपनी हात वर करायला मोकळी आणि निस्तरायला तुम्ही. गेस्टहाऊसवाला तेव्हा म्हणणार की मी गाडी भाड्याने दिलीच नव्हती, ओळखीखातर दिलेली. हे आम्ही दुकानात नुसतं ऐकलं होतं, पण दुसऱ्याच दिवशी पर्वरीकडे जाताना नाक्यावर प्रत्यक्ष बघायला मिळालं. आमच्या पुढे पांढऱ्या पाटीवर एक जोडपं, पोरगा सांगतोय मित्राची गाडी आहे. हवालदार अजिबात चिडला नाही, शांतपणे विचारलं, "मित्राचं आडनाव काय?" आणि तो पोरगा खिशातून मोबाईल काढून कॉल लॉग चाळायला लागला. आमची काळी पाटी आणि चारही हेल्मेट बघितली, लायसन्स डिजिलॉकरमध्ये दाखवलं, झालं, सोडलं. डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधली कागदपत्रं चालतात बरं का, हार्ड कॉपी पाहिजेच असा नियम नाही. फक्त आदल्या रात्री उघडून ठेवा, नाक्यावर नेमकी रेंज जाते.

आता लायसन्सचा किस्सा. आमचा मेहुणा गेली कित्येक वर्षं कार चालवतो, पुणे-नाशिक-कोल्हापूर सगळं पालथं घातलेला माणूस, त्याने ऐटीत लायसन्स टेबलावर टाकलं. दुकानदाराने उलटंसुलटं करून बघितलं आणि परत केलं. म्हणे यावर फक्त एलएमव्ही, म्हणजे कारचा वर्ग आहे, दुचाकी नाहीये, मी देऊ शकत नाही. मेहुणा म्हणाला अहो फोर व्हीलर चालवणाऱ्याला स्कूटर काय अवघड आहे. "अवघड नाही हो, बेकायदेशीर आहे." नियम खरंच तसा आहे, कारचं लायसन्स दुचाकीला चालत नाही, दोन्ही वर्ग वेगळे आहेत, आणि ज्यावर नुसतं विनागिअर लिहिलंय त्याला बुलेट किंवा गिअरची कुठलीच बाईक चालत नाही. लर्निंगवर तर विषयच नाही. लायसन्स नसताना चालवलं तर ५,००० आणि ज्याने गाडी दिली त्याला पण वेगळे ५,०००. गोव्यात हे वाढीव दंड १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेत. मेहुण्याचं तोंड पडलं, पण त्याच्या बायकोकडे दुचाकीचं लायसन्स होतं, ती रोज ऑफिसला स्कूटरवरच जाते, त्यामुळे सगळ्या ट्रिपभर तिने चालवली आणि हा मागे बसून रस्ता दाखवत होता. तिला ते फार आवडलं. त्याला किती आवडलं ते विचारू नका.

इथे मला त्या दुकानदाराचं खरंच कौतुक वाटलं, कारण गिऱ्हाईक समोर उभं आहे, पैसे हातात आहेत, आणि हा माणूस नाही म्हणतो. कळंगुट-बागाच्या बाजूला फिरताना बघितलं, तिथे लायसन्सचा फोटो काढतात आणि पुढे, त्यावर काय लिहिलंय ते कुणी वाचत पण नाही.

कागदपत्रांचं काम व्यवस्थित होतं. सीटखाली प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आणि परमिटची झेरॉक्स. त्याने आमच्यासमोर एकेकाची तारीख बोटाने दाखवली. मग मलाच म्हणाला मोबाईल काढा आणि गाडीचा चारी बाजूंनी व्हिडिओ घ्या, तारखेसकट, जिथे जिथे ओरखडा आहे तिथे थांबा. मागच्या पॅनेलवर एक मोठा ओरखडा होता तो त्याने स्वतः दाखवला. हे करून घ्याच कुठूनही गाडी घेतली तरी, परत देताना वाद होतो तो नव्वद टक्के वेळा ओरखड्यांवरूनच होतो. डिपॉझिट दोन हजार यूपीआयने घेतलं, आधारचा फोटो घेतला, ओरिजिनल काही ठेवून घेतलं नाही. जिथे ओरिजिनल लायसन्स ठेवून घेतो म्हणतात तिथून सरळ उठून या, रस्त्यावर अडवलं तर दाखवणार काय.

एक स्टार कापलाय तो हेल्मेटसाठी. गाडीबरोबर दोन हेल्मेट मिळतात हे चांगलं, पण त्यातलं एक नुसती टोपी, आयएसआयचा मार्क नाही, आणि बायकोला जे मिळालं त्याचा पट्टा क्लिपमध्ये बसतच नव्हता. आत कुणाकुणाच्या डोक्याचा घाम मुरलाय देव जाणे. तिने ओढणी आधी डोक्याला बांधली आणि वरून हेल्मेट. बदलून मागितलं तर त्याने दिलं, पण तीन-चार तपासल्यावर एक धड निघालं. एवढं नियमाचं बोलणारा माणूस, त्याने हे पण बघायला पाहिजे. पट्टा न लावलेलं हेल्मेट कायद्याने घातलेलंच धरत नाहीत, आणि दंड १,००० शिवाय तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, चार वर्षांवरच्या सगळ्यांनाच आहे. गावातल्या आतल्या रस्त्यांवर तुम्हाला लोकल माणसं बिनहेल्मेट दिसतील, हेल्मेट कोपराला अडकवलेलं, हायवे दिसला की डोक्यावर. ते बघून आपणही तसंच करावं असं वाटतं. करू नका, त्यांना कुठल्या वळणावर नाका असतो ते पाठ आहे, आपल्याला नाही.

बरं, आता रस्त्यांचं. सगळ्यात मोठा घोळ पणजीच्या पुलांचा आहे. मांडवीवर एकाला एक लागून तीन पूल आहेत. त्यातला सगळ्यात उंच, तारांचा, फोटोत दिसतो तो अटल सेतू, जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला, जवळजवळ पाच किलोमीटर लांब. त्यावर दुचाकी आणि तीनचाकीला बंदी आहे. आणि तुमचा मॅप जर कारच्या मोडवर असेल तर तो बिनधास्त तुम्हाला तिथेच चढवायला निघतो, कारण त्याच्या लेखी तोच सरळ रस्ता. गुगल मॅपमध्ये बाईकचं चिन्ह वेगळं आहे, २०१७ पासून भारतात आहे, पण आपल्यातले निम्मे लोक कारवरच ठेवून फिरतात. दुकानदाराने आमचे मोबाईल हातात घेऊन मोड बदलून दिला आणि वर कागदाच्या मागे पेनाने पुलांचं चित्र काढून दिलं, तीन रेघा, वरच्या रेघेवर फुली. दुचाकीने खालच्या जुन्या पुलांनीच जायचं, एक जायला, एक यायला. पर्वरीचा उतार उतरताना बोर्ड आहेत, पण गाड्या इतक्या वेगात असतात की बोर्ड वाचेपर्यंत आपण चुकीच्या लेनमध्ये असतो, म्हणून आधीपासूनच खालच्या पुलाचा रस्ता धरून ठेवायचा. तो म्हणाला की आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी वर चढतं आणि मग भर पुलावर उलटं फिरायचा विचार करतं.

जुन्या पुलाचाही एक इतिहास त्याने जाता जाता ऐकवला. पहिला पूल १९८६ च्या जुलैमध्ये कोसळला होता, त्यानंतर पुन्हा फेरीबोटींवर सगळा कारभार आला. तो तेव्हा शाळेत होता म्हणे.

पर्वरीत आम्ही गेलो तेव्हा उड्डाणपुलाचं काम चालू होतं आणि डायव्हर्जन इतकी की मॅपलाही पत्ता नाही. तिथे मॅप बंद करून पुढच्या लोकल स्कूटरच्या मागे जायचं हा सल्ला शंभर टक्के बरोबर निघाला. सर्कल पण भरपूर लागतात, आत जो आधीच फिरतोय त्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम आपल्या पुण्यात कागदावरच राहिलाय, इथे बऱ्यापैकी पाळतात, त्यामुळे पुणेरी पद्धतीने नाक घुसवलं की लोक थांबून बघतात.

पणजी शहरात १८ जून रोड आणि एम.जी. रोड दोन्ही वन-वे आहेत, आणि मधल्या गल्ल्या पण कुठली कुठल्या बाजूने आहे हे लक्षात ठेवायचं म्हणजे परीक्षाच. आम्ही सरळ गाडी एका कडेला पार्किंगमध्ये लावली आणि पायी फिरलो. फोंतेन्हासला, म्हणजे पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वस्तीत, तर पायीच जा. रस्ते अरुंद, लोकांची घरं तिथेच, त्यांच्या दारात स्कूटर लावून फोटो काढत बसलो तर ते चिडणारच ना.

आता मला सगळ्यात मजेशीर वाटलेला नियम. दुकानदाराच्या पावतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय की गाडी गोव्याच्या बाहेर न्यायची नाही, परमिट गोव्यापुरतं आहे, गाडीत जीपीएस आहे. ठीक आहे, आपण कशाला बाहेर नेतोय असं वाटतं. पण आम्हाला तेरेखोलचा किल्ला बघायचा होता. तेरेखोल गोव्यात आहे, पण नदीच्या पलीकडे, महाराष्ट्राच्या बाजूला. किल्ला मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, आणि तेव्हापासून नदीपलीकडचा तो तुकडा गोव्याचाच राहिला. त्यामुळे मॅपवर रस्त्याने जायचं म्हटलं तर तो तुम्हाला किरणपाणीच्या पुलावरून आरोंद्याला नेतो, म्हणजे सिंधुदुर्गात, मग रेडीवरून पुन्हा गोव्यात. गोव्यातून गोव्यात जायला महाराष्ट्रातून जायचं, आणि आपलं महाराष्ट्र असूनही आपणच तिथे भाड्याची गाडी घेऊन बेकायदेशीर. यावर उपाय केरीच्या फेरीबोटीचा. केरीला गाडी बोटीत चढवायची, पलीकडे तेरेखोल, राज्याबाहेर पाऊल नाही. हे त्याने आम्ही तेरेखोल म्हणताक्षणी सांगितलं, विचारायची वेळच आली नाही.

फेरीबोट हा प्रकार सगळ्यांनी एकदा अनुभवावाच. उतारावरून गाडी हळूच आत न्यायची, आधी पायी माणसं आणि दुचाक्या, मग कार, बोटीवरचा माणूस हाताने खुणा करून कोण कुठे ते ठरवतो आणि त्याचा शब्द शेवटचा. दुचाकीचे आमच्याकडून काही पैसे घेतले नाहीत. गाडी बंद करायची, स्टँडवर लावायची, तरी ब्रेक दाबून उभं राहायचं, कारण बोट धक्क्याला लागताना जो हिसका बसतो त्याला स्टँड पुरत नाही. आमच्या शेजारच्या बुलेटवाल्याने हात सोडले आणि त्याची गाडी आमच्या ॲक्टिव्हावर रेलली. ओरखडा नाही पडला, नशीब.

बीचवर गाडी नेऊ नका हे वेगळं सांगायला नको, बंदी आहे, रील काढायला नेणाऱ्यांवर गुन्हे दाखल झालेत. आणि पेट्रोल. गाडी मिळते ती जेमतेम पंपापर्यंत पोचेल एवढ्याच पेट्रोलवर, सगळीकडे हीच रीत, इथेही तशीच. काटा लालच्या खाली होता. हरमल-हणजूणच्या बाजूला दुकानांसमोर बिसलेरीच्या बाटल्यांत पेट्रोल मिळतं, महाग असतं आणि त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही, म्हणून म्हापशातच पंपावर भरून निघा. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त आहे, टाकी भरताना बरं वाटतं.

भाडं दिवसाला चारशे, पावसाळ्याच्या तोंडावर गेलो म्हणून. दिवस चोवीस तासांचा धरतो, कॅलेंडरचा नाही, हे आधी विचारून घ्या, काही ठिकाणी सकाळी घेतलेली गाडी रात्री आठला परत मागतात. परत देताना त्याने व्हिडिओ बघितला पण नाही, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि डिपॉझिट तिथल्या तिथे मोबाईलवर पाठवलं. ढिल्या ब्रेकबद्दल सांगितलं तर आतल्या पोराला हाक मारून आमच्यासमोरच कसायला लावला. आधीच का नाही कसला, असो.

ज्यांच्याकडे दुचाकीचं लायसन्स नाही त्यांनी उगाच धाडस करू नका. ओला-उबर गोव्यात चालत नाही, टॅक्सी खिसा कापते, पण म्हापसा-पणजी कदंबाची, म्हणजे गोव्याच्या सरकारी एसटीची, शटल बस चांगली आहे आणि पिवळ्या मडगार्डवाले पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, ती तर रीतसर परवान्याची आहे. बसायच्या आधी भाडं ठरवा आणि मागचं हेल्मेट मागून घ्या.

दुकान सकाळी नऊला उघडतं, दुपारी जेवणाच्या वेळी बंद असतं, त्या वेळात फोन उचलत नाही. डिसेंबरात जाणार असाल तर बरंच आधी बोलून ठेवा, नाताळच्या आठवड्यात भाडं दुप्पट होतं आणि तरीही त्याच्याकडे गाडी शिल्लक नसते असं तो स्वतःच म्हणाला. हेल्मेट शक्य असेल तर घरून घेऊन जा.